न्हाणीच्या मोरीतला शेंदूर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, आणि ज्या मित्रांना माझ्या फजितीचे किस्से ऐकवून मी आयुष्यभर फुकटचा चहा उकळला, त्यांनाही नाही.

फजिती सांगायला काही लागत नाही हो. आपण आपल्यालाच हसायचं, म्हणजे समोरचाही हसतो, आणि हसणारा माणूस फार खोलात शिरत नाही. मला ते लवकर कळलं. ही जी न्हाणीची गोष्ट आहे ना, तिचा अर्धा भाग मी लग्नांत, बारशांत, एस.टी.ची वाट पाहताना, कुठे कुठे सांगितलाय. लोक पोट धरधरून हसलेत. उरलेला अर्धा मात्र — पण थांबा. आधी हसण्याचा भाग सांगतो. सवय आहे.

सेलूच्या बाहेर, बोर नदीकडे उतरत जाणारा आमचा शेताचा तुकडा होता. बापानं रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलून उचलून तो घेतला, त्यात विहीर खणली आणि विहिरीला पाणी लागलं त्याच साली तो गेला. गावच्या विहिरीत आमच्या वस्तीला दोर सोडू देत नव्हते. तेव्हा स्वतःची विहीर म्हणजे आमच्यासाठी काय होतं, ते मी वेगळं सांगत नाही. शेतातच घर होतं. घरात माय आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं.

पाणी होतं, पण अंग धुवायला जागा नव्हती. घरामागे तुरीच्या वाळल्या काड्यांचा आडोसा आणि खाली दोन धोंडे. तुराट्यांना चुकून राहिलेल्या शेंगा हुडकत बकऱ्या तो आडोसा खायच्या. मी आठवड्याला नव्या तुराट्या खोचायचो, त्या पुन्हा खायच्या. माय उजाडायच्या आत उठून, एक कान पायवाटेकडे ठेवून, घाईघाईनं दोन तांबे अंगावर घ्यायची. तिचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. मला त्यात कधी काही खटकलं होतं का? खरं सांगायचं तर — नाही.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही सगळी वस्ती नागपूरला गेलो आणि बौद्ध होऊन परत आलो. पांढरं लुगडं नेसलेली माय घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, "आता मान वर करून जगाचं म्हनता न तुमी? तं मले आंग धुवाले चार भिती बांधून दे. अन् आतून कडी."

एवढंच. जन्मात तिनं माझ्याजवळ मागितलेली बहुधा ती एकच गोष्ट.

मी म्हटलं, गवंडी कशाला, मीच बांधतो! जिनिंगमध्ये कामाला असताना एका गवंड्याला भिंत चढवताना मी अख्खी दुपार पाहिलं होतं. तेवढ्यावर माझा असा समज झाला की गवंडीकाम मला येतं. पहिली भिंत मी आमच्या काळ्या जमिनीवरच उभी केली. उन्हाळ्यात बैलाचा खूर अडकेल एवढ्या भेगा पडणारी ती माती, पावसाळ्यात फुगणारी. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं हे शेंबडं पोरही सांगेल. भिंतीनं पंधरवड्यात कंबर वाकवली. पुन्हा खणलं, पुन्हा बांधलं. मग दार लावलं तर ते आत उघडायचं, आणि आत बादली ठेवली की उघडायचंच नाही. आत गेलेला माणूस बादलीसकट कैदेत.

आणि फरशीचा उतार! पहिल्या आंघोळीला मी मोठ्या थाटात मायला म्हटलं, बस, सावकाश बस. तिनं पहिला तांब्या ओतला, दुसरा ओतला, आणि पाणी बाहेरच्या मोरीकडे जायचं सोडून भिंतीखालून थेट स्वयंपाकघरात आलं. चुलीतल्या गोवऱ्या तरंगल्या. आतून मायचा आवाज — "काऊन रे, आंघोळ मले घालून राह्यला का चुलीले?"

इथे लोक हसतात. मीही थांबतो, हसू देतो. मग सांगतो की फरशी उखडली, उतार फिरवला, मधोमध बसायला एक मोठा सपाट धोंडा बसवला, आणि न्हाणी झाली. गोष्ट संपली.

तो धोंडा कुठून आणला, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. कोण विचारणार?

तर आता ते.

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर हो, म्हसोबा होता. बापानं बसवलेला. पुढून वर्षानुवर्षांच्या शेंदराचा जाड थर, त्यात दोन चांदीचे डोळे, मागून मात्र अगदी सपाट. दरसाल पेरणीआधी त्याला मायच शेंदूर लावायची. नागपूरहून परतल्यावर वस्तीत ठरलं की घराघरांतले देव बोर नदीत सोडायचे. प्रतिज्ञा घेतल्या होत्या, त्या पाळायच्या होत्या. आणि वस्तीत सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा कोण? मी. "मनातून काढायचे, नुसते कोनाड्यातून नाही!" — हे माझं वाक्य. टाळ्या पडल्या होत्या.

नदीवर पहिली गेली माय. आमच्या देव्हाऱ्यातले टाक, सासूनं दिलेले, तिनं ओंजळीत घेतले आणि तांदूळ धुतल्याचं पाणी टाकावं तसे सहज पाण्यात सोडले. मागे वळून पाहिलं नाही. बाया बिचकत उभ्या होत्या. तिचं पाहून एकेक पुढे झाली. वस्तीचे जाणते दशरथभाऊ तिथेच मायकडे बोट दाखवून म्हणाले, "विहार झाला का पयली मेणबत्ती भागूबाईनं लावाची. तिचाच मान हाय." घरी येताना माय किती ताठ चालत होती! माझी छोटीशी माय. मी मागून पाहत होतो आणि मला वाटत होतं, ही माझी आई आहे हे सगळ्या जगाला ओरडून सांगावं.

उरला म्हसोबा. तो जड, म्हणून मी बैलगाडीनं नेणार होतो.

सकाळी एकटाच गेलो. त्याच्या बुडाशी सब्बल, लोखंडी पहार हो, घातली, जोर लावला — आणि सब्बल सटकून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली. नख काळंनिळं. आता सब्बल नीट धरली नाही तर ती सटकणारच ना? हे मी दुसऱ्या कुणालाही समजावून सांगितलं असतं. पण मी तिथेच मटकन बसलो. त्या दोन चांदीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि — हात जोडले. हो. मीच. ज्याच्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या तो.

बापाची आठवण म्हणून ठेवला, असं म्हणायला छान वाटेल. नाही. बाप मला त्या वेळी आठवलाही नाही. मी भ्यालो होतो.

मग मी काय केलं? म्हसोबाला गोठ्यात कडब्याखाली झाकलं. विहिरीजवळचा एक धोंडा पोत्यात घातला, पोतं गाडीवर टाकलं आणि सगळ्यांसमक्ष नदीत ढकललं. केवढा आवाज झाला! लोकांनी जयजयकार केला. मीही केला, लंगडत.

पुढे फरशी उखडली तेव्हा मला वाटलं, याहून चांगली जागा कुठली? देव फेकलाही नाही आणि ठेवलाही नाही. म्हसोबा पालथा घातला, तोंड खाली, सपाट पाठ वर, आणि चुन्यात बसवून टाकला. मी स्वतः आंघोळ करायचो ती कोपऱ्यात अंग चोरून, त्याच्यावर पाय पडू न देता. आणि माय? माय रोज त्याच्यावर बसायची. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

पण गवंडी कोण होता हे विसरू नका. माझे सांधे! फटींतून ऊन पाणी खाली मुरलं, शेंदराचा थर सुटला, आणि एक दिवस मोरीतून बाहेर केशरी खपल्या वाहून आल्या. पायवाटेनं सोनाकाकू, वस्तीतली आमच्या शेजारच्या वावरातली बाई, चालली होती. तिनं पाहिलं. संध्याकाळपर्यंत वस्तीत झालं — भागूबाईनं देव लपवला. वरतून पांढरं लुगडं अन् आतून शेंदूर!

बैठक बसली. विहाराची झोपडी तेव्हा शाकारून तयार होत आली होती. दशरथभाऊंना बोलणं जड जात होतं. "माय," ते म्हणाले, "लोक बोलून राह्यले. शेंदूर तुया न्हाणीतून आला. कोनाचा होय, सांग बरं."

मायनं माझ्याकडे पाहिलं. तिला तिथे, त्या क्षणी सगळं कळलं असणार. तो शेंदूर तिच्याच हातचा होता, ती ओळखणार नाही? तिनं पाहिलं आणि थांबली. मला वेळ देत होती हो ती. पुष्कळ वेळ दिला. मी माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

मग ती म्हणाली, "माया घरचा हाय. माया घरचं ते मायं."

खोटं एक अक्षर नाही बोलली. पण लोकांनी त्यातून जे समजायचं ते समजलं. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि घरी चालती झाली. तशीच ताठ.

दुसऱ्या दिवशी तिनं सब्बल मागितली. मी दिली. मी उचलतो म्हणालो का? नाही, दारात उभा राहिलो. तिनं तो धोंडा एकटीनं उचकटला, उलटा केला, आणि विटेचा तुकडा नि धुण्याचा सोडा घेऊन घासायला बसली. बापाच्या काळापासूनचा शेंदूर मोरीतून वाहत गेला. चांदीचे डोळे निघाले ते तिनं बाजूला ठेवले, म्हणाली, सोनाराले देजो. घासून घासून तो साधा काळा धोंडा होईपर्यंत ती थांबली नाही. मग तो होता तसा परत बसवला.

"गोटा चांगला हाय," म्हणाली. "घसरत नाई. फेकाचा काऊन?"

आणि मग, माझ्याकडे न बघता — "भेव लागलं होतं तं मले सांगाचं न बाप्पा. मलेबी लागलं होतं. नदीवर माये पाय लटलट कापत होते."

त्याच दिवशी भर उन्हात, दार लावून, आतून कडी घालून तिनं त्या धोंड्यावर बसून आंघोळ केली. सावकाश. बाहेर मला पाण्याचा आवाज येत होता आणि तिचं नव्यानं पाठ केलेलं बुद्धवंदन. मी तिच्याएवढं शूर माणूस नंतर पाहिलं नाही. पाहिलं असेल तर मला ते ओळखू आलं नाही.

मी वस्तीत जाऊन सांगणार होतो. आज जाऊ, उद्या जाऊ. विहार उघडला, तोवर गेलो नव्हतो. पहिली मेणबत्ती सोनाकाकूनं लावली. माय सगळ्यांच्या मागे, कुडाला टेकून उभी होती. वंदना तिला सगळ्यांत चांगली येत होती, तिचाच आवाज पुढपर्यंत येत होता. मी पुढच्या रांगेत होतो. त्या दिवशी भाषणही माझंच होतं.

नंतर ती पुष्कळ जगली. त्या दिवसाचा शब्द तिनं कधी काढला नाही, टोमणासुद्धा नाही. तिनं एकदा जरी बोलून दाखवलं असतं — पण नाही काढला.

ती गेली तेव्हा विहारात शोकसभा झाली. दशरथभाऊ म्हातारे झाले होते, काठी टेकत उठले. भागूबाईबद्दल फार चांगलं बोलले. तिचे कष्ट, तिचा आवाज, नदीवरचा तो दिवस. आणि शेवटी म्हणाले, "तेवढी एक चूक झाली बुढीच्या हातून. मानूस होय, होते. आपन सगळ्याईनं तिले माफ केलं."

सगळ्यांनी माना हलवल्या.

मी मुलगा, म्हणून अगदी समोर बसलो होतो. मीही हलवली.