मोरपंखीपाशी

सुनेत्रा गद्रे यांना दिनानाथ खरं तर फार कमी ओळखत होता. अंबरनाथला एका मजल्यावर समोरासमोर दारं. बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि नेच्यांच्या नादी लागलेल्या, एवढंच. नेच्याला फूल येत नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं.

मार्चमध्ये एका सकाळी त्या त्याला सांगून जांभूळ गावाजवळच्या टेकडीवर गेल्या. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज तुटत होता. "दिनानाथराव, पाय घसरलाय. उठवत नाही. मी टेकडीवर, मोरपंखीपाशी..." आणि फोन बंद पडला.

दिनानाथने ओळखीच्या महेशला रिक्षा काढायला लावली. टेकडीच्या पोटाशी एका फार्महाऊसच्या फाटकावर मोरपंखीची दोन उंच झुडपं होती. लहानपणी 'विद्या' म्हणून पुस्तकात ठेवायची तीच. तिथे उभं राहून त्याने घसा बसेपर्यंत हाका मारल्या. कोणी ओ देईना.

"वॉचमन बोलतो सकाळपासून कोण आलंच नाय," महेश म्हणाला. "आणि काका, मोरपंखी तर इकडे हर गेटला हाय. किती गेट फिरणार?"

ऊन कलायला लागलं होतं. बाई फाटकावरच्या शोभेच्या झाडाशी कशाला जातील, हे दिनानाथच्या आत्ता डोक्यात आलं. जिन्यात त्या एकदा म्हणाल्या होत्या, खडकाच्या फटीत एक नेचा येतो, त्यालाही मोरपंखी म्हणतात. बोटभर दांडी, वर मोराच्या तुऱ्यासारखा पंखा. उन्हाळ्यात मेल्यासारखा दिसतो, पण मरत नाही.

दोघे वर चढले. पुढे वाट दोन घळींकडे फुटली. दोन्हीकडे कातळ आणि कातळावर वाळका नेचा. दिनानाथने डावीकडचं एक पान उलटं केलं. खालून पांढरी पूड होती, ती बोटांना लागली. पान पिसासारखं कातरलेलं.

"हाच काय?"

"नसावा."

"नसावा, का नाय?"

चुकीच्या घळीत शिरलं तर अंधार पडेपर्यंत बाहेर येणं नव्हतं. दिनानाथ उजवीकडच्या कपारीशी वाकला. फटींतून तपकिरी, आवळलेल्या मुठी दिसत होत्या. एक त्याने नखाने हलकेच सोडवली. अरुंद पात्या, सगळ्या एकाच टोकातून निघालेल्या, पुढे फाटे फुटलेल्या. पंखाच होता.

"इकडे," तो म्हणाला आणि त्या मुठी दिसतील तसा कातळाच्या कडेने पुढे सरकत हाका मारत राहिला. बऱ्याच वेळाने खालून बारीक ओ आली.

"मघाच्या हाका ऐकू येत होत्या मला," बाई म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "फाटकावरची झाडं ओ देतील असं वाटलं होय?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांच्या मुलाने त्यांना दवाखान्यातून परस्पर आपल्याकडे नागपूरला नेलं आणि श्रावणात त्या तिथेच गेल्या. दिनानाथशी त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी, बदलापुरात, दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेताना.

"चप्पल वरच राहिली हो माझी."

"नवी आणतो. नंबर काय?"

"सहा."