गावंडे सरांचा लॅपटॉप आणि थांबलेली गाडी

आमच्या ऑफिसात बगपेक्षा किस्से जास्त साठतात. बग निदान कोणीतरी कधीतरी क्लोज करतं. किस्से उघडेच राहतात, आणि त्यातले बहुतेक आमच्या डायरेक्टरच्या, म्हणजे गावंडे सरांच्या नावावर! नवा रायपूरच्या त्या वर्कशॉपचे तर एका दिवसात इतके झाले, की सांगून मोकळी होते.

वर्कशॉपचा विषय असा: वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम्युलेटर एकमेकांशी बोलले पाहिजेत, म्हणून सगळ्यांचं एक स्टँडर्ड हवं. आमचा सिम्युलेटर रेल्वे इंजिनाचा, दुसऱ्या कंपनीतल्या साहू भैयाचा सिग्नलचा. दोन्ही जोडून पडद्यावर गाडी चालवायची, हा डेमो माझा. सरांनी आधीच सांगून टाकलं होतं, "चालला तं नवी टीम तुही. नाही चालला तं परत माह्या पीपीटी बनव!"

पीपीटी मी पुष्कळ बनवल्यात. आता नाही!

*

लवकर पोहोचून मशीन जोडायच्या होत्या. शंकर नगरहून निघालेली सरांची गाडी वळली थेट सदर बाजारात!

"सर, इकडे काहून?"

"चीफ गेस्टले शाल नको?"

मग मरून की केशरी, यावर दुकानदाराशी चर्चा. मी गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन स्कूटरचे हॉर्न ऐकत बसले. शेवटी सर दोन्ही घेऊन आले. "एक स्पेअर असू दे."

सर्व्हरला स्पेअर मागितला की यांच्याकडे बजेट नसतं!

*

चीफ गेस्ट येईपर्यंत काही सुरू होणार नव्हतं. ते आले, तर एसीच्या झोतात उद्घाटनाचा दिवा विझायला लागला. ज्येष्ठ मंडळी हातांचा आडोसा करून समईभोवती उभी. एसी कोणी बंद करेना! मीच उठले आणि स्विच दाबला. दिवा लागला.

सर कानाशी येऊन म्हणाले, "मुलीच्या जातीनं असं मधात उठणं बरं दिसत नाही."

"अंधार बरा दिसत होता का सर?"

*

मग चर्चासत्र. माझ्या डेमोची ठरलेली वेळ त्यात पार टळून गेली. स्टँडर्ड एकच असावं, यावर मंचावरच्या सगळ्या साहेबांचं एकमत झालं. ते आपल्याच कंपनीचं असावं, यावरही प्रत्येकाचं!

मागच्या रांगेतून साहू भैया म्हणाला, "दीदी, मशीनें तो जुड़ जाएँगी. इनको कौन जोड़ेगा?"

*

डेमोच्या जरा आधी सर स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले. "माहा पण जोड. डायरेक्टरचाच नाही तं लोकं काय म्हणतील?"

मी जोडला. वर समजावलं, "सर, आता हा बंद करू नका. जोडलेल्या सगळ्या मशीनचं घड्याळ एकत्र पुढं सरकतं. एक गप्प बसली, की बाकीच्या तिची वाट पाहत थांबतात."

"तू मले शिकवून राहिली का, पोट्टी? तू जन्मायच्या आधीपासून कंप्युटर वापरतो मी!"

*

डेमो सुरू झाला. पडद्यावर गाडी स्टेशनातून निघाली, सिग्नल हिरवा झाला, पुढच्या रांगेतले साहेब चक्क मोबाइल खाली ठेवून बघायला लागले. तेवढ्यात निवेदिकेनं सरांना दोन शब्द बोलायला बोलावलं. सर लगबगीनं उठून मंचावर गेले.

आणि गाडी थांबली. ना स्टेशन, ना फाटक. मधातच!

"दीदी, मेरा सिग्नल तो हरा है!" साहू भैयाला घाम फुटला. पुढून कोणीतरी म्हणालं, "हँग झाली वाटते पोरीची सिस्टीम."

माझ्या स्क्रीनवर सगळ्या मशीन ताटकळत होत्या. फक्त एक गप्प होती. मी सरांच्या खुर्चीकडे पाहिलं. लॅपटॉप बॅगेत, बॅगेची चेन बंद, वर स्पेअर शाल.

माइकवर सर रंगात आले होते. "आपल्याले सगळ्यांले सोबत घेऊन चालायचं आहे! एकालेही मागं सोडायचं नाही!"

मी जोडलेल्या मशीनच्या यादीतल्या सरांच्या नावावर कर्सर नेला.

"दीदी, ये तो सर का है. हटा दूँ क्या?"

"हट, मी हटवते!" मी म्हणाले, आणि दाबलं बटण.

गाडी सुटली! सिग्नल ओलांडून धडधडत पुढच्या स्टेशनात शिरली. अख्ख्या हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला.

पडद्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या सरांनी बोलणं थांबवलं, हात जोडले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "अरे, थांबा थांबा! मी तं अजून सुरूच केलं नाही!"