मिसेसला त्रास होतोय

माझ्या नवऱ्याने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की मिसेसला सायकल येत नाही. मला ते पणजीत, मिरामारच्या किनाऱ्यावर, सकाळी साडेसातला कळलं.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने आम्हा दोघांना चार दिवस गोव्याला पाठवलं होतं. त्यातच तिने ही सायकलवरची सहल ठरवून दिली. गाईड बरोबर असतो, शहर दाखवतो, मध्ये एका ठिकाणी नाष्टा. "आई, तुला आवडेल," एवढंच ती म्हणाली. सहलवाल्यांचा फोन मात्र यांच्या मोबाईलवर आला, आणि जे काय बोलायचं ते हे बोलले.

आम्ही सगळे मिळून सात जण होतो. पुण्याचं एक जोडपं, नाशिकचे तीन मित्र आणि आम्ही दोघं. गाईड चाळिशीचा, टोपी घातलेला, उन्हाने रापलेला माणूस. त्याने स्वतःची सोडून सहा सायकली झाडाखाली लावून ठेवल्या होत्या. सातवी बरोबर येणाऱ्या गाडीच्या टपावर बांधलेली होती, कुणाची पंक्चर झाली तर म्हणून. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट चढवून झाल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडीत बसा. ड्रायव्हर तुम्हाला प्रत्येक ठिकाणी आमच्याआधी पोचवेल. पाण्याच्या बाटल्या पण गाडीतच आहेत."

मी म्हटलं, "का? मी सायकल चालवायला आलेय."

"सर म्हणाले, तुम्हाला येत नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. हे हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवायच्या खटपटीत होते. वर न बघताच म्हणाले, "अगं, तुला कुठं येते सायकल? उगं पडशील. गाडीत बस आरामात."

"मला येते."

हे हसले. नाशिकवाल्यांकडे बघून म्हणाले, "आमच्या हिनं जन्मात सायकलला हात लावलेला न्हाई."

गाईड माझ्याकडे बघत नव्हता. त्याने यांना विचारलं, "मग काय करायचं सर? काढू का खाली एक?"

तिथून माझं डोकं तापायला सुरुवात झाली. चालवणार मी, पडले तर गुडघा माझा फुटणार, आणि हा विचारतोय कुणाला. मी म्हटलं, "त्यांना काय विचारता? मी सांगतेय ना. काढा खाली."

त्याने काढली.

माझं माहेर जळकोटपासून सहा किलोमीटरवरच्या खेड्यात. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर जळकोटला जायचं, आणि एसटी सकाळची एकच, तीही आली तर आली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला उदगीरहून सायकल आणून दिली. गावातल्या चार जणांनी त्यांना पारावर ऐकवलं. अप्पा म्हणाले, "पोरगी पायी गेली तर तिचे दोन तास जातेत. तुम्ही देता का तुमचे?" आठवी, नववी, दहावी, तीन वर्षं मी त्या रस्त्याने गेले-आले. आमचा भाग डोंगराळ. जाताना दोन चढ, येताना एक, आणि उन्हाळ्यात समोरून गरम वारं. दप्तर मागे कॅरेजला, डबा हँडलला. चेन पडली की मीच बसवायची आणि हात रस्त्याकडेच्या मातीने पुसायचे. पुढं उदगीरच्या कॉलेजात नाव घातलं, एसटीचा पास निघाला आणि सायकल धाकट्या भावाकडे गेली. लग्न होऊन लातूरला आले. गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान, वर घर. एकदा मी स्कूटी घ्यावी म्हणून विषय काढला होता. हे म्हणाले, "कुठं जायचंय तुला? मी हाय ना." विषय तिथंच संपला.

तर मिरामारला मी ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. पहिली वीस-पंचवीस पावलं हँडल माझं ऐकेना. गिअरची सायकल मी कधी धरलेली नव्हती, ब्रेक दाबला की ती जागच्या जागी गच्च. पण मग पायांना आठवलं. खरंच, मला काही करावं लागलं नाही.

उजव्या हाताला झाडं, डावीकडे वाळू आणि त्यापलीकडे चकचकीत पाणी. सकाळचंच ऊन, पण चांगलंच लागत होतं. मला हे सगळं बघायचं होतं. बघू कुठं दिलं? मागून यांचा आवाज चालू होता. "हळू! ब्रेकवर हात ठेव! कडेनं घे! रिक्षा येतीय!" रिक्षा पार समोरच्या बाजूला असायची. गाईड थांबून माहिती सांगायचा तेव्हा तोंड पुरुषांकडे. ही इमारत अमुक सालची, ही पोर्तुगीजांची पद्धत, सर. मी विचारलं की नदी समुद्राला मिळते ती जागा नक्की कुठली, तर त्याने उत्तर दिलं यांना. आणि दर वेळी निघताना विचारायचा, "सर, मॅडम ठीक आहेत ना?" हे म्हणायचे, "आहेत, आहेत." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. दोन वेळा गप्प बसले. माणूस परगावी आलाय, लोक अनोळखी, कशाला तमाशा, असं स्वतःला सांगत राहिले.

नाष्टा झाल्यावर गाईड म्हणाला, आता आल्तिनोची टेकडी. चढ आहे, ज्यांना नको त्यांनी गाडीत बसा, वर भेटू. कुणीच बसलं नाही. यांना तर कमीपणा वाटला असता, हे कशाला बसतील?

चढ खरंच उभा होता. मी सगळ्यात लहान गिअर टाकला आणि हळूहळू पाय मारत राहिले. नाशिकवाले पुढं गेले. पुण्याची बाई माझ्याबरोबर होती. पहिल्या वळणावर मागून यांची हाक आली, "ओ भाऊ! थांबा, थांबा!"

आम्ही थांबलो. हे सायकलवरून उतरून रस्त्याच्या कठड्याला टेकले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद, तोंडातून शब्द धड निघेना. गाईड धावत खाली गेला. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, हे म्हणाले, "मिसेसला त्रास होतोय. तिला चढवत न्हाई. गाडी बोलवा."

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तेवढ्यात गाईड वर आला, त्याने माझ्या सायकलचं हँडल धरलं आणि म्हणाला, "द्या मॅडम, मी घेतो. गाडी येतेय." पुण्याच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं. सवय नसली की दम लागतो."

मी म्हटलं, "सोडा सायकल."

"मॅडम, सर म्हणाले..."

"सायकल सोडा!"

त्याने सोडली. माझा आवाज असा चढलेला मी स्वतः आधी ऐकला नव्हता. वरच्या वळणावरचे नाशिकवालेही वळून बघायला लागले. मी खाली यांच्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला काय होतंय? मला काही होत नाही. दम तुम्हाला लागलाय. तुम्हाला लागलाय तर तुमचं नाव सांगा. माझं कशाला सांगता?"

हे इकडंतिकडं बघायला लागले. "अगं, हळू बोल. लोक हायेत."

"लोक आहेत म्हणूनच सांगतेय."

आणि मी पायडल मारलं. चढावर सायकल थांबवून परत सुरू करणं किती अवघड असतं ते चालवणाऱ्याला माहीत. दोनदा पाय टेकला. तिसऱ्यांदा जमलं. वर पोचले तेव्हा मांड्या लटलट कापत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दमून नाही. संतापाने.

कारण 'मिसेसला त्रास होतोय' हे काही मी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. लग्नातून लवकर निघायचं असलं की, "हिचं डोकं दुखतंय." नणंदेच्या घरी मुक्काम करायचा नसला की, "हिला तिथं झोप येत न्हाई." नणंद मला आजवर माणूसघाणी समजते. ह्या असल्या गोष्टी मी संसारात चालायच्याच म्हणून सोडून दिल्या. एक मात्र सुटलेली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठ दिवस आधी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. भावाचा फोन यांच्या मोबाईलवर आला. मला यांनी सांगितलं, "अप्पांना जरा चक्कर आल्ती. आता बरं हाय. दिवाळी झाली की जाऊन येऊ." धनत्रयोदशीच्या तोंडावर भांड्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, गल्ल्यावर मी बसते. मी भावाला फोन लावला, तो उदगीरच्या दवाखान्यात, उचलला नाही. मी यांच्या शब्दावर राहिले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अप्पांची वाचा गेलेली होती. झटका आल्यावर पहिले पाच दिवस ते नीट बोलत होते. महिन्याभरात गेले. तेव्हापासून भाऊ माझ्याशी तुटक वागायला लागला. मला वाटायचं, दुःखाने. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात भावजय सरळ बोलली, "तुम्हाला बापापेक्षा दुकान मोठं होतं. भावजी बोलले की फोनवर, तिलाच बरं न्हाई, तिलाच प्रवास जमत न्हाई म्हणून."

घरी येऊन यांना विचारणार होते. विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू, असं करत वर्ष गेलं. त्याचा राग मला माझाही येतो.

गाडी वर आली. हे उतरले, हातात पाण्याची बाटली. बाकीची मंडळी कठड्यापाशी फोटो काढत होती. हे माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "चार माणसांत माझी काय इज्जत ठेवलीस?"

"अप्पा आजारी पडले तेव्हा भावाला फोनवर काय सांगितलं होतं?"

यांचा चेहराच बदलला. "आता ते कुठून काढायलीस?"

"काय सांगितलं होतं?"

"धनतेरस होती. तू गेली असतीस तर दुकान कुणी बघितलं असतं? आणि मला काय माहीत, अप्पांचं एवढं होईल म्हणून."

"मग सांगायचं, दुकान आहे म्हणून पाठवत नाही. मला बरं नाही असं कशाला सांगितलं? माझा बाप आजारी होता. मला विचारायचं होतं."

हे बाटलीचं झाकण लावत-काढत राहिले. मग म्हणाले, "तू तरी कधी सांगितलंस, सायकल येते म्हणून? सव्वीस वर्षांत एकदा तरी?"

"सांगितलं होतं. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा. तुमच्या काकांनी विचारलं, काय काय येतं? मी म्हटलं, स्वयंपाक, शिवण आणि सायकल. काका हसले. अव्वाने, माझ्या आईने, मला चिमटा काढला. तुम्ही समोरच बसला होतात."

"मला न्हाई आठवत," हे म्हणाले. खरंच आठवत नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, इतकं ते मला लागलं.

उतार माझ्या वाट्याला पूर्ण आला. खाली रंगीत घरांच्या गल्ल्या, निळी, पिवळी, दारांवर वेली. हे गाडीतच बसून आले. गाईड आता माझ्या बाजूने सायकल चालवत होता. "मॅडम, आम्ही सर सांगतात तसं करतो. बुकिंग त्यांच्या नावावर होतं."

मी म्हटलं, "बुकिंग कुणाच्याही नावावर असू दे. माणूस समोर उभा असला तर त्याला विचारावं."

"हां मॅडम," तो म्हणाला, आणि पुढच्या चौकात ती घरं अशी का रंगवतात ते मला सांगितलं. मी नीट ऐकलं नाही. राग डोक्यात असला की कानाला काही लागत नाही. त्या शहरातलं मला आज अर्धंही आठवत नाही, ह्याचंही वाईट वाटतं.

दुपारी हॉटेलवर आल्यावर हे झोपले. मी गॅलरीत बसून भावाला फोन लावला. पाच वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. मला काय सांगण्यात आलं होतं, मी फोन कधी लावला होता, मला बरं नव्हतं हे खोटं होतं. तो म्हणाला, "अक्का, मग तवाच का न्हाई बोललीस?"

"मला गेल्या वर्षी कळलं."

"मग गेल्या वर्षी?"

मी म्हटलं, राहून गेलं. तो म्हणाला, "अप्पा लई वाट बघितले." आणि फोन ठेवला. रागाने ठेवला की रडू आलं म्हणून, मला कळलं नाही. दिवाळीला ये, असं त्याने अजून म्हटलेलं नाही. मी न बोलावता जाणार आहे, धनत्रयोदशीलाच. यांना तसं सांगून ठेवलंय.

लातूरला परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी यांचे दोन व्यापारी मित्र बायकांसह जेवायला आले. मी आतून भाकरी घेऊन आले तर बाहेर गोव्याचं चाललं होतं. हे सांगत होते, "आमची ही सायकलवर टेकडी चढली, बघा. मी मागंच होतो. म्हणत होतो, जमतंय तुला, मार पाय, मी हाय ना."

मी परात खाली ठेवली आणि म्हटलं, "हे गाडीत होते."

मित्र हसायला लागले. त्यांना चेष्टाच वाटली. हेही त्यांच्याबरोबर हसले आणि म्हणाले, "भाकरी वाढ." दोघींपैकी एक बाई मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.