नारळ, हार्ड डिस्क आणि बाबांची भजनं

आमच्या घरातला गाण्यांचा संपूर्ण संग्रह गेल्या खंडेनवमीला सकाळी, विधिपूर्वक बुडाला. बुडवणारा मीच. पण चूक माझी नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो!

संग्रह म्हणजे बाबांची भजनं. बाबा विणकर. हातमागावर बसले की गळा आपोआप सुरू व्हायचा आणि समोरच्या स्टुलावर टेपरेकॉर्डर चालू असायचा. पुढे माग गेला, बाबाही गेले, मी हिंगण्याच्या कारखान्यात लागलो. उरल्या अकरा कॅसेटी.

त्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि अख्खा पावसाळा बसून साफ केल्या. मागाची खटखट काढली, खोकला काढला. एका भजनाच्या शेवटी बाबा मला रागावतात, तेही कापलं. (घरातल्या गोष्टी संग्रहात कशाला?) मग तीन प्रती केल्या. एक लॅपटॉपमध्ये, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. आणि आता काळजीचं कारणच उरलं नाही म्हणून कॅसेटी भंगारात दिल्या.

“एक प्रत खाप्याले ताईकडे ठेवा ना जी,” माझी बायको सुनंदा म्हणाली. “बाबा त्यायचेही होते.”

“मुळीच नाही! भाऊजी पिकअपमध्ये वाजवतीन. संत्र्याच्या ढिगात बाबांची भजनं! तुले काही वाटते का वं?”

विषय तिथेच संपला. निदान मला तरी तसं वाटलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबांनी ती कधी चुकवली नाही. माग गेला तरी त्यांचा धोटा, ताण्यातून सूत इकडून तिकडे नेणारा तो लाकडी तुकडा, मी जपून ठेवलाय. धोटा पाटावर ठेवला आणि मला वाटलं, बाबांचं सूत धोट्यावर होतं, बाबांचा आवाज आता डिस्कवर आहे. म्हणून शेजारी लॅपटॉप मांडला आणि दोन्ही हार्ड डिस्कही मांडल्या!

“तिन्ही एकाच पाटावर काहून ठेवून राहिले?” सुनंदानं विचारलं.

“देवापुढं ठेवलेल्याले काय होते?”

“मंग पाणी तरी नका शिंपडू!”

आता पाणी शिंपडल्याशिवाय पूजा होते का? मी फुलानं थोडंसंच शिंपडलं. हळद लावली, कुंकू लावलं. अक्षता सढळ हातानं वाहिल्या. (त्यातले दोन दाणे हार्ड डिस्कच्या खाचेत असे बसले, जशी जागा त्यांच्यासाठीच केली होती.) मग नारळ घेतला.

आमच्या घरात नारळ एका घावात फोडायची पद्धत आहे. मी फोडला. एकाच घावात! इतकं पाणी मी आजवर कुठल्या नारळात पाहिलं नाही. धोटा कोरडा राहिला, बाकी तिघांना अभिषेक झाला.

“हात नका लावू जी! वाळू द्या!” सुनंदा ओरडली.

पण खात्री नको का करायला? मी पंच्यानं पुसून लॅपटॉप सुरू केला. चट्‌ असा आवाज आला आणि पडदा काळा. ठीक आहे, म्हणून पहिली डिस्क टीव्हीला लावली. तिनं चार वेळा टकटक केलं आणि ती गप्प झाली. आता दोष डिस्कचा की टीव्हीचा, हे कसं कळणार? ते सिद्ध करायला दुसरी लावली. तिच्यातून धूर आला, म्हणजे दोष टीव्हीचा नव्हता, हे सिद्ध झालं.

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं दोन्ही डिस्क उघडल्या आणि एका डागावर बोट ठेवलं.

“हे लाल काय आहे जी?”

“कुंकू.”

“आन् हे चिकट?”

“नारळाचं पाणी.”

“डाटा तर गेला भाऊ,” तो हात जोडून म्हणाला, “पण पुण्य भरपूर लागलं असंल.”

घरी आलो आणि धोटा हातात घेऊन बसलो. रडू आलं. बाबा दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी मीच घालवले होते. (चूक नारळाची, पण तरी.)

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं आणि फोन लावला. “ताई, राखीले दिला तो पेनड्राइव्ह आहे ना जी?”

माझी साफसफाई सुरू असतानाच या बाईनं कॉम्प्युटरमधली मूळ, न कापलेली भजनं चोरून ताईला दिली होती!

दोन दिवसांनी भाऊजी संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात आले. मी त्यांच्या पिकअपमध्ये, मांडीवर संत्र्यांची पेटी घेऊन बसलो. त्यांनी पेनड्राइव्ह लावून आवाज पूर्ण वाढवला. आधी मागाची खटखट आली. मग खोकला. मग बाबा गायला लागले आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आवाज कमी करा, असं म्हणायचं मला सुचलंही नाही.

भजन संपलं आणि बाबा कडाडले, “अबे, त्याले हात नको लावू! बिघडवून ठेवशील!”

“हे मामाजी कोणाले म्हणून राहिले?” भाऊजींनी विचारलं.

“असंल कोणी शेजारचं पोट्टं,” मी म्हणालो.