बंद दारामागचा मतदार

देवाने या बाईला गोड गळा दिला नाही, रूप बेताचेच दिले. पण वाट पाहण्याचे बळ मात्र उदंड दिले. मायबाप हो, तिचे सगळे चरित्र त्या एका देण्यात आहे.

निवडणूक आटोपली की एक संशोधन संस्था तिच्या हाती साठ मतदारांची यादी देई. नावे चिठ्ठ्या टाकून काढलेली. घरी जायचे, विचारायचे: मत दिले का, आणि नसेल दिले तर का नाही. कुलूप दिसले तर तीनदा जायचे. त्यानंतर त्या माणसाच्या जागी शेजाऱ्यालाच त्याच्या स्वतःच्या मताचे विचारून प्रश्नांचा अर्ज भरण्याची मुभा होती. वीस वर्षांत तिने ती मुभा क्वचितच घेतली. दार वाजवावे, थांबावे, नाव घ्यावे, पुन्हा वाजवावे. ज्याचे नाव यादीत आले, त्याचे म्हणणे आपल्या पदरी आले, असा तिचा भाव.

यंदा एकोणसाठ अर्ज झाले. साठाव्या घराला तिन्ही वेळा कुलूप, आणि मुदत त्याच संध्याकाळची. तिचा संसार तिच्या एकटीच्या कमाईवर चाले, आणि संस्थेच्या प्रमुखांनी बजावले होते, "ताई, आज आकडा पुरा झाला नाही, तर पुढच्या फेरीत तुमचं नाव नसेल."

शेजारीण तयारच होती. "त्याच्याऐवजी मी सांगते की. मी मत दिलं, सुनेलाही ओढत नेलं. लिहा."

"काकू, तुम्ही केव्हाही भेटाल. तो कधी भेटतो?"

"पाचला येतो, तोंडावर पाणी मारतो, दुसऱ्या कामाला पळतो. स्वतःच्या लग्नातही घड्याळच बघेल मेला."

बाई जिन्यात बसून राहिली. पाचला तो आला. दिवसा कपडे धुण्याच्या कारखान्यात, संध्याकाळी गोदामात, असे त्याचे दोन ठिकाणचे काम.

"मत दिलंत का, दादा?"

"रांगेत होतो. पुढे नऊ माणसं उरली आणि कामाची वेळ झाली. निघालो." कुलपात किल्ली फिरवत त्याने विचारले, "आता दंड करणार की काय?"

"नाही हो. नुसतं लिहिणार."

अर्जावर कारणांचे तीन चौकोन होते: इच्छा नव्हती, विसरलो, विश्वास नाही. तिने तिन्ही रिकामे ठेवले आणि कडेला त्याचे वाक्य जसेच्या तसे सुवाच्य अक्षरात उतरवले.

तोवर कचेरी बंद झाली होती. सकाळी प्रमुखांनी तिचे अर्ज चाळले. "मत न दिलेले बावीस? बाकीच्यांकडे सहा-सात आहेत. सगळे आळशी तुमच्याच वाट्याला कसे आले?"

"आळशी नाहीत, साहेब. ते घरी सापडत नाहीत. सापडतात ते शेजारी, आणि शेजारी बहुधा मत देऊन आलेले असतात."

प्रमुखांनी सर्वांचे अर्ज मागवले आणि शेजाऱ्यांवर भागवलेली घरे वेगळी काढली. एकशे एक्केचाळीस निघाली.

"तुमच्या उशिराचं मी नंतर बघेन," ते म्हणाले. "आधी सांगा, ही घरं पुन्हा कोण करणार?"

बाईने गठ्ठा आपल्याकडे ओढला, चष्मा चढवला आणि कोणते दार किती वाजता उघडते, हे शेजारणींना विचारायला ती निघाली.