पिवळ्या पट्टीची ट्यूब
मलमाचं झाकण उघडलं की वासासरशी कुंभवलीजवळची आमची प्रयोगशाळा आठवते. उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर बुरशी वाढवून आम्ही तीन मलमं लावायचो. एकात औषधच नसे. ट्यूबवर आणि पिंजऱ्यावर नुसती रंगीत पट्टी. कशात काय, हे आम्हालाही मुद्दाम सांगत नसत. एकदा माझ्याच मनगटावर तसा गोल चट्टा उठला. घाबरून मी हाताला लागलेली एक ट्यूब गुपचूप लावू लागले. आठवड्याने पिंजरे धुणाऱ्या कोळीणमावशींनी माझा हात धरला. "म्याडम, पिवल्या पिंजऱ्यातल्या उंदरांना पन असाच हाय. वाढतच चाललाय." माझ्या पर्समधल्या ट्यूबची पट्टी पिवळी होती, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. चट्टा पुढे डॉक्टरांच्या औषधाने बरा झाला. पण अजूनही मलम चोळताना वाटतं, वरून कुणीतरी वाकून बघतंय, माझी पट्टी कुठल्या रंगाची ते.