न पडलेला गोल

लेम्युएल टाइस आमच्या गावचा न्हावी. कॉलेजच्या पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची दाढी त्याच्याच खुर्चीत होई. १८९८च्या हिवाळ्यात कॉलेजने बास्केटबॉलचा संघ काढला आणि पंचाची शिट्टी लेमकडे आली, कारण नियमांचं पुस्तक पूर्ण वाचलेला तो एकटाच होता. माझा मुलगा वॉरेन संघात होता. पहिल्याच सामन्यात तो नाक फोडून घेऊन आला, तेव्हापासून मी दर सामन्याला गॅलरीत सगळ्यांच्या पुढे बसू लागले.

टोपली त्या गॅलरीच्याच कठड्याला ठोकलेली. शेजारच्या गावाशी शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. त्यांच्या पोराने मारलेला चेंडू टोपलीत पडणार, तेवढ्यात गॅलरीतून आमच्याच कुणीतरी छत्रीने तो उडवला. लेमने तरीही त्यांना गोल दिला. आम्ही हरलो. ओरडणाऱ्यांत मीही होते.

"टाइसकाका, चष्मा आणून देऊ?" एक पोरगा म्हणाला.

"कशाला? तुझी मिशीसुद्धा दिसते मला. अजून फुटलेली नाही तरी."

पोरांनी शपथ घेतली: लेम चूक कबूल करेपर्यंत दाढी करायची नाही. वॉरेनही दाढीचे खुंट वाढवून जेवायला बसू लागला. दुकान ओस पडलं. प्राचार्य स्वतः गेले. "टाइस, चूक झाली अशा दोन ओळी लिहून द्या. पोरं शांत होतील."

"चूक छत्रीची आहे, साहेब. तिच्याकडून घ्या लिहून."

पुढच्या सामन्याला कॉलेजने दुसरा पंच शोधला, पण पाहुणा संघ पंच म्हणून लेमच हवा, असं अडून बसला. मैदानाच्या मधोमध चेंडू बगलेत धरून तो म्हणाला, "गॅलरी रिकामी करा. मगच खेळ."

"आणि नाही केली तर?" वरून कुणीतरी ओरडलं.

"तर उभा आहे मी. दुकानात गिऱ्हाईक नाही, सकाळी उठायची घाई कुणाला?"

हुर्यो उठली. खाली गर्दीमागून मला वॉरेन धड दिसणार नव्हता. तरी मी उठले.

"आई, बस ना जागेवर," वॉरेन खालून दातओठ खात म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत," म्हणून मी जिना उतरले. थोड्या वेळाने मागे आणखी पावलं वाजली. गॅलरीतला शेवटचा माणूस उतरायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ लेम जागचा हलला नाही. मग त्याने चेंडू वर उडवला.

पोरांच्या दाढ्या मार्चपर्यंत वाढतच होत्या. लेमने दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि दुकान एक दिवसही उशिरा उघडलं नाही.